टीव्हीमागच्या वायरी आणि सर्ज प्रोटेक्टरची निवड

एका वादळी रात्रीनंतर आमच्या ॲम्प्लिफायरचं एचडीएमआय इनपुट गेलं. ॲम्प सुरू होत होता, स्पीकर वाजत होते, टीव्हीवर मोबाइलवरून पाठवलेलं चित्रही नीट दिसत होतं. सेट-टॉप बॉक्स ज्या पोर्टला जोडला होता तेवढंच पोर्ट मुकं झालं होतं, आणि सेट-टॉप बॉक्सच्या बाजूचं एचडीएमआयही. दोघांना वीज एकाच स्पाइक गार्डमधून जात होती. त्याचा लाल दिवा दुसऱ्या दिवशीही काहीच घडलं नसल्यासारखा लागलेला होता.

दुरुस्ती करणाऱ्यांनी ॲम्पचं झाकण काढून मला आधी पॉवर सप्लायचा भाग दाखवला. फ्यूज शाबूत, कुठे काळा डाग नाही, फुगलेला कपॅसिटर नाही. जळाली होती ती एचडीएमआय पोर्टामागची नखाएवढी आयसी, म्हणजे चिप. "ताई, हे लाइटच्या वायरीतून आलेलं नाही," ते म्हणाले. "डिशची वायर कुठून येते ते बघा."

नवा सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे वायरीतून येणारा विजेचा क्षणिक तडाखा (सर्ज) बाजूला वळवणारा बोर्ड, घ्यायचा हे ठरलेलंच होतं. पण त्या एका वाक्यामुळे खोक्यावर कुठला आकडा मोठा आहे हे बघण्याआधी माझ्या टीव्हीपाशी कुठकुठून वायरी येतात हे बघणं भाग पडलं. त्याकडे वळण्यापूर्वी जुना स्पाइक गार्ड उघडायचा मोह मात्र आवरला नाही. प्लग काढून, मागचे चार स्क्रू सोडवून पाहिलं.

आत पितळेच्या तीन पट्ट्या होत्या, एक स्विच, दिव्याची निऑन ट्यूब आणि तिचा रेझिस्टर. आणि एकुलती एक निळी चकती, दोन पायांची, साधारण मसुरीच्या डाळीपेक्षा थोडी मोठी, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये सोल्डर केलेली. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: ७डी४७१के. बस, एवढंच सगळं संरक्षण. अर्थची वायर कुठेही न थांबता प्लगपासून सॉकेटपर्यंत सरळ गेलेली होती. निऑनचा दिवा फेज-न्यूट्रलवर परस्पर जोडलेला होता. म्हणजे ती चकती जळून खाक झाली असती तरी दिवा लागलाच असता. त्या दिव्याचा अर्थ ‘वीज आहे’ एवढाच होता. ‘संरक्षण आहे’ असा नव्हता.

या चकतीला एमओव्ही म्हणतात, मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर. बहुतेक सर्ज प्रोटेक्टरांचा जीव हिच्यातच असतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत ती विकसित झाली. झिंक ऑक्साइडची पूड, तिच्यात बिस्मथ, कोबाल्ट, मँगनीज यांची ऑक्साइडं अगदी थोडी, आणि हे सगळं दाबून भट्टीत भाजलेलं. आत झिंक ऑक्साइडचे असंख्य कण एकमेकांना चिकटून बसतात आणि दोन कणांमधली प्रत्येक सीमा साधारण तीन व्होल्टपर्यंत वीज अडवते. चकती जितकी जाड तितक्या सीमा जास्त, तितका अडवण्याचा व्होल्टेज जास्त. त्याच्यावर गेलं की चकती एकदम वाहकासारखी वागू लागते आणि धरणाच्या सांडव्यासारखं वरचं पाणी बाजूने काढून देते. हे सगळं काही नॅनोसेकंदांत होतं. त्यामुळे खोक्यावर ‘अतिजलद प्रतिसाद’ असं ठळक अक्षरात छापलेलं दिसलं तर त्याला भुलण्यात अर्थ नाही. तो सगळ्यांचाच जलद असतो.

तो कोड मात्र वाचायला शिकून घेतला, आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला. पहिला ७ म्हणजे चकतीचा व्यास ७ मिलिमीटर. ४७१ म्हणजे ४७ पुढे एक शून्य, ४७० व्होल्ट: एवढ्या डीसी व्होल्टेजला चकतीतून एक मिलीअँपिअर वीज वाहायला लागते. के म्हणजे दहा टक्के इकडे-तिकडे. अशी चकती ३०० व्होल्ट एसीपर्यंत कायम लावून ठेवता येते. आता ७, १४ आणि २० मिलिमीटर अशा तिन्ही चकत्यांच्या माहितीपत्रकात क्लॅम्पिंग व्होल्टेज, म्हणजे तडाखा बसताना चकती व्होल्टेज जिथे धरून ठेवते तो आकडा, ७७५ व्होल्टच दिसतो. गंमत अशी, की सात मिलिमीटरवाल्या चकतीचा हा आकडा १० अँपिअरला मोजलेला असतो, चौदावालीचा ५० ला आणि वीसवालीचा १०० ला. खरा तडाखा हजारो अँपिअरचा असतो. तेव्हा छोटी चकती व्होल्टेज धरून ठेवू शकत नाही. तो वर चढतो, आणि चकती तडकते. नुसता क्लॅम्पिंगचा आकडा बघायचा नाही, तो किती अँपिअरला मोजलाय तेही विचारायचं, हे तिथेच पक्कं झालं.

मग जूलचा प्रश्न. बाजारातली निम्मी जाहिरात जूल या ऊर्जेच्या एककावर चालते: हजार जूल, दोन हजार, चार हजार. वाचणाऱ्याला वाटतं हे उपकरण तेवढी ऊर्जा गिळून टाकतं. प्रत्यक्षात एमओव्ही बरीचशी ऊर्जा स्वतः गिळत नाही, ती वळवून परत पाठवते. जूलचा आकडा म्हणजे चकती किती उष्णता सोसू शकेल याचा अंदाज. त्यातही फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्यांतल्या चकत्यांची बेरीज करून एकच मोठा आकडा छापलेला असतो. एका जोडीच्या वाट्याला त्याचा तिसरा हिस्सा आला तरी खूप. तो आकडा अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. एमओव्ही प्रत्येक तडाख्याला थोडी थोडी झिजते, तेव्हा चकती मोठी असेल तर टिकते जास्त. म्हणून ‘दोनातला एक निवडायचा, बाकी सगळं सारखं’ अशी वेळ आली तरच जूल बघायचे, एवढीच जागा मी त्या आकड्याला दिली. माझ्या मते तीही थोडी जास्तच आहे.

याहून मोठा गोंधळ झाला तो ३३० व्होल्टचा. इंग्रजीतला कुठलाही सल्ला वाचा: ‘३३० किंवा फार तर ४०० व्होल्टचं रेटिंग असलेलाच घ्या’. २३० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी असा एकही सापडेना. कारण साधं आहे. २३० हा सरासरीच्या जातीचा आकडा. लाटेचं शिखर ३२५ व्होल्टला असतं. ३३० ला वळवायला लागणारी चकती लावली तर रोजच्या चढ-उतारात, सेकंदाला शंभर वेळा, ती तापत राहील आणि लवकरच पेटेल. तो सल्ला १२० व्होल्टच्या देशांसाठीचा आहे. अमेरिकेतल्या यूएल १४४९ या मानकात ६००० व्होल्ट आणि ३००० अँपिअरचा तडाखा देऊन पलीकडे किती व्होल्ट पोचले ते मोजतात आणि त्यावरून ३३०, ४००, ५०० असे वर्ग पाडतात. २३० व्होल्टच्या जगात आयईसी ६१६४३-११ हे मानक चालतं. त्यात पाहायचा आकडा, म्हणजे तडाख्यात पलीकडे फार तर किती व्होल्ट पोचतील तो, ‘यूपी’ नावाने लिहिलेला असतो आणि किलोव्होल्टमध्ये असतो. सॉकेटमध्ये लावायच्या, म्हणजे टाइप ३ च्या उपकरणावर १.५ केव्ही किंवा त्याहून कमी लिहिलेलं मला हवं होतं. दीड हजार व्होल्ट ऐकून आधी छातीत धडकी भरली होती. पण घरातली नेहमीची उपकरणं २.५ केव्हीचा क्षणिक तडाखा सोसतील अशा हिशेबाने बनवायची असतात आणि नाजूक उपकरणं १.५ केव्हीच्या. शिवाय तो तडाखा मायक्रोसेकंदांचा. टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये स्वतःची एक एमओव्ही बहुधा असतेच, मागे मोठा कपॅसिटरही असतो. तेवढं तो पचवतो.

ज्या खोक्यांवर यातलं काहीच नव्हतं, ना मानकाचा क्रमांक, ना यूपी, ना टाइप, फक्त ढाल आणि विजेचं चित्र, ती मी थेट बाजूला केली. निम्म्याहून जास्त अशीच निघाली.

आता वायरींकडे. एका रविवारी टीव्हीचं कपाट पुढे ओढलं, टॉर्च घेतला आणि कागदावर मधोमध टीव्ही, ॲम्प, सेट-टॉप बॉक्स आणि गेमिंग कन्सोल यांची चौकट काढली. त्या चौकटीत बाहेरून शिरणारी प्रत्येक धातूची वायर एका रेघेने दाखवली. विजेची वायर. गच्चीवरच्या डिशची कोॲक्सियल वायर, जी खिडकीच्या चौकटीतून आत येत होती. दुसऱ्या खोलीतल्या राउटरकडून आलेली इथरनेट केबल. आणि सबवूफर, जो कोपऱ्यात वेगळ्याच सॉकेटला लावलेला होता, पण त्याची सिग्नलची केबल ॲम्पला आलेली. चार वाटा. जुना स्पाइक गार्ड त्यातल्या फक्त एकीवर बसला होता.

यात एक गोष्ट अशी कळली जी मी आधी कुठेच वाचली नव्हती. आमच्या टीव्हीला, सेट-टॉप बॉक्सला आणि ॲम्पलाही दोन पिनांचा प्लग आहे, अर्थची पिनच नाही. मग यांची धातूची चौकट कशाला जोडलेली? पॉवर सप्लायमधल्या छोट्या कपॅसिटरांमुळे ती अधांतरी, मुख्य व्होल्टेजच्या निम्म्याच्या आसपास तरंगत असते. करंट अगदी नगण्य, पण जाणवतो. टीव्ही चालू असताना डिशच्या वायरीचं टोक एका हातात आणि टीव्हीच्या मागची धातूची पट्टी दुसऱ्या हाताला लागली, की बोटांना झिणझिण्या येतात त्या याच. वायर जोडली की टीव्ही, एचडीएमआयमार्गे ॲम्प, आणि त्याला जोडलेलं सगळं त्या वायरीच्या जाळीमार्गे (आतल्या तारेभोवतीचं धातूचं विणकाम) थेट गच्चीवरच्या डिशच्या खांबाला बांधलं जातं. घराचं अर्थिंग एकीकडे, डिशचा खांब दुसरीकडे, आणि दोघांच्या मधला पूल म्हणजे जेमतेम काही व्होल्टवर चालणारी एचडीएमआयची आयसी. (कुठलीही केबल जोडताना-काढताना आधी सगळ्यांचे प्लग काढायचे, हा नियम तेव्हापासून कडक झाला.)

अशा ठिकाणी नुसता चांगला सर्ज प्रोटेक्टर काय करतो, याचा हिशेब मांडून पाहिला. समजा विजेच्या वायरीतून तडाखा आला आणि प्रोटेक्टरने हजार अँपिअर व्यवस्थित अर्थच्या वायरीत वळवले. सरळ वायरीचा इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या झटपट बदलाला होणारा विरोध, मीटरमागे साधारण एक मायक्रोहेन्री धरतात. सॉकेटपासून मुख्य बॉक्सपर्यंत दहा मीटर वायर असेल तर दहा मायक्रोहेन्री. करंट आठ मायक्रोसेकंदांत शून्यावरून हजारावर गेला, म्हणजे मायक्रोसेकंदाला १२५ अँपिअर. गुणाकार करा: १२५० व्होल्ट. तेवढ्या क्षणापुरती बोर्डाची ‘अर्थ’ बाराशे व्होल्ट वर उचलली गेली, डिशची जाळी मात्र आपल्या जागी खाली राहिली. फरक कुणाच्या डोक्यावर पडणार? ज्याला दोन्ही वायरी लागल्यात त्याच्या. उलट दिशेनेही तेच: जवळपास वीज पडली की डिशची जाळी उचलली जाते. प्रोटेक्टर आपलं काम चोख करतो आणि तरी यंत्र मरतं, ते असं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेत काम केलेले फ्रान्स्वा मार्त्झलॉफ यांनी हा मुद्दा आयुष्यभर लावून धरला होता: वीज आणि सिग्नल, दोन्ही वायरी एकाच ठिकाणातून, एकाच अर्थला बांधून आत घ्या. मग सगळं मिळून वर गेलं आणि मिळून खाली आलं तरी यंत्राला फरक जाणवत नाही.

नुकसानभरपाईचं आश्वासन देणाऱ्या एका प्रोटेक्टरच्या अटी वाचल्या तेव्हा तर हसूच आलं. यंत्राला जोडलेली प्रत्येक वायर, कोॲक्सियल धरून, या उपकरणातून गेलेली नसेल तर भरपाई मिळणार नाही, असं शेवटच्या ओळीत बारीक टायपात होतं. जे पुढच्या बाजूला ठळक छापायला हवं ते त्यांनी स्वतःला वाचवण्यासाठी मागे छापलं होतं.

तर आता मला हवा होता तो असा बोर्ड: तिन्ही जोड्यांत एमओव्ही, आणि त्याच डब्यातून कोॲक्सियल व इथरनेटही आरपार जाणारे. यातही दोन खाचखळगे निघाले. कोॲक्सियलची सोय असलेले कितीतरी बोर्ड केबल टीव्हीसाठी बनवलेले असतात. ते हजार मेगाहर्ट्झच्या आसपास दम तोडतात. डिशच्या वायरीतून येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा. शिवाय त्याच वायरीतून सेट-टॉप बॉक्स वर डिशच्या एलएनबीला (डिशसमोर बसवलेला, सिग्नल पकडणारा डबा) १३ किंवा १८ व्होल्टचा डीसी पुरवठा करत असतो. ज्या प्रोटेक्टरमध्ये डीसी आरपार जात नाही तो लावला की एलएनबी झोपते आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’. माहितीपत्रकात ‘सॅटेलाइट’ हा शब्द आणि २१५० च्या पुढचा आकडा असल्याशिवाय घ्यायचा नाही, हे लिहून ठेवलं. इथरनेटचं तसंच. काही बोर्डांत आठपैकी चारच तारांना संरक्षण असतं, जुन्या शंभर मेगाबिटच्या जमान्यातलं. गिगाबिटला आठही लागतात.

इथरनेटवर मी शेवटी वेगळाच तोडगा काढला: ती केबलच काढून टाकली आणि टीव्ही वायफायवर घेतला. जी वायर नाही तिच्यातून काही येत नाही. वेग थोडा कमी झाला, पण चित्रपट बघायला तेवढा पुरतो. सबवूफरचा प्लगही त्या कोपऱ्यातून काढून, लांब वायर घेऊन, याच बोर्डावर आणला. चार वाटांपैकी दोन अशा फुकटात मिटल्या.

पण अर्थिंगच धड नसेल तर हे सगळं हवेत. फेज-न्यूट्रलमधली एमओव्ही अर्थशिवाय काम करते. बाकीच्या दोन नाही करत, आणि सिग्नलच्या वायरींचं संरक्षण तर अजिबातच नाही. मल्टिमीटर घेऊन टीव्हीमागच्या सॉकेटवर मोजलं. फेज ते न्यूट्रल २३२, फेज ते अर्थ २३०, न्यूट्रल ते अर्थ दीड-दोन व्होल्ट. दिसायला झकास. वायरमनना दाखवलं तर ते म्हणाले, "ताई, मीटर फसवतं. वायर नुसती टेकलेली असली तरी व्होल्टेज दाखवील. करंट वाहून न्यायला लावा, मग बघा." त्यांनी लूप इम्पीडन्स, म्हणजे अर्थच्या वाटेने जाणाऱ्या करंटला किती अडथळा होतो, ते मोजायचं यंत्र आणलं. स्वयंपाकघरातल्या सॉकेटचा आकडा छान, टीव्हीमागच्या सॉकेटचा त्याच्या कितीतरी पट. सॉकेट उघडल्यावर दिसलं: अर्थची हिरवी वायर स्क्रूखाली खरोखरच फक्त टेकलेली होती, तांब्यावर काळपट थर. टोक कापून, नवं सोलून, आवळल्यावर आकडा जागेवर आला. या एका स्क्रूने जेवढं काम केलं तेवढं कुठल्याही महागड्या बोर्डाने केलं नसतं.

इथे एक पोटतिडकीची गोष्ट. डिश आणि ॲम्प एकत्र जोडल्यावर स्पीकरमधून पन्नास हर्ट्झची ‘हम्म’ यायला लागली की काही हौशी मंडळी तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला देतात. हम जाते खरी. सोबत प्रोटेक्टरचं दोन-तृतीयांश कामही जातं, आणि यंत्रात कधी फेज चौकटीला लागली तर हात लावणाऱ्याचा जीवही जाऊ शकतो. हम घालवायला सिग्नलच्या वायरीत लावायचे आयसोलेटर मिळतात. किंवा ऑप्टिकल केबल वापरा, तिच्यातून वीज वाहतच नाही.

इतकं झाल्यावर यादी जवळजवळ तयार होती. पण वायरमननीच जाता जाता विचारलं, "आणि न्यूट्रल गेला तर?" हा प्रश्न मी कुठल्याच खोक्यावर वाचला नव्हता. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल कुठेतरी तुटला तर ज्या फेजवर भार कमी, तिचा व्होल्टेज २३० वरून ४०० कडे सरकायला लागतो. आणि तो मायक्रोसेकंदांसाठी नसतो. कुणी येऊन दुरुस्त करेपर्यंत तसाच राहतो. सर्ज प्रोटेक्टर यासाठी बनलेलाच नाही. तीनशे व्होल्टची एमओव्ही चारशेवर सलग तापत राहते, तिची अडवण्याची ताकद घटते, म्हणून ती आणखी तापते, आणि चांगला बोर्ड असेल तर तिला चिकटलेला थर्मल फ्यूज तिला तोडतो. साधा बोर्ड असेल तर प्लास्टिक वितळतं, क्वचित पेट घेतं. म्हणून थर्मल फ्यूज आहे का, हा प्रश्न ऐच्छिक नाहीच. आणि त्यापुढचा प्रश्न: चकती तुटल्यावर बोर्ड पुढची वीज बंद करतो की दिवा विझवून तशीच चालू ठेवतो? दोन्ही प्रकार मिळतात. फ्रीजसाठी मी कदाचित दुसरा घेतला असता. टीव्हीसाठी पहिला. सिनेमा बंद पडलेला चालेल, संरक्षण नसताना चालू राहिलेला नको.

सलग चढलेल्या व्होल्टेजसाठी वेगळं यंत्र लागतं, जादा-कमी व्होल्टेजला पुरवठा तोडणारं. ठरवलेल्या मर्यादेवर, साधारण २६०-२७० व्होल्टच्या पुढे, ते क्षणात वीज तोडतं आणि व्होल्टेज पूर्वपदावर आल्यावर थोडं थांबून जोडतं. ते मुख्य बॉक्समध्येच बसवून घेतलं, म्हणजे फ्रीज-वॉशिंग मशीनचीही सोय झाली. स्टॅबिलायझरचा विचार लगेच सोडला: हल्लीच्या टीव्हींचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो, कमी व्होल्टेजचं त्याला काही वाटत नाही, आणि स्टॅबिलायझरचा रिले सर्जसमोर फारच संथ. यूपीएस ज्याच्याकडे दिव्याचा प्रोजेक्टर आहे त्याने जरूर घ्यावा, वीज गेल्यावर पंखा चालू राहून दिवा थंड व्हायला हवा असतो. आमच्याकडे प्रोजेक्टर नाही.

एमओव्ही न वापरता मोठ्या कॉइलने तडाखा अडवणारे जड फिल्टरही पाहिले. झिजत नाहीत, अर्थमध्ये काही ओतत नाहीत, कल्पना सुरेख. पण डिशच्या वायरीबद्दल ते काहीच करत नाहीत, आणि माझं दुखणं तिथलं होतं.

मुख्य बॉक्समध्ये टाइप २ चा प्रोटेक्टरही त्याच दिवशी बसला. बाहेरून येणाऱ्या तडाख्याचा मोठा घास तिथेच, अर्थच्या जवळ, काढून घ्यायचा आणि उरलंसुरलं टीव्हीपाशी टाइप ३ ने बघायचं, अशी वाटणी. मुख्य बॉक्सपासून यंत्र दहा मीटरपेक्षा लांब असेल तर एकट्या टाइप २ वर विसंबू नये असं सांगतात, आमचं अंतर तेवढंच भरतं. बसवताना मी एका गोष्टीचा हट्ट धरला. वायरमननी दोन्ही वायरी सुबक वळणं देत, कडेकडेने फिरवून आणल्या होत्या, बघायला देखण्या. त्या कापून सरळ आणि अर्ध्या मीटरच्या आत करून घेतल्या. मीटरला एक मायक्रोहेन्री हा हिशेब इथेही लागतोच: तीन हजार अँपिअरच्या तडाख्यात एक मीटर जादा वायर म्हणजे पावणेचारशे व्होल्ट जादा, तेही प्रोटेक्टरच्या चांगल्या आकड्यावर फुकट चढवलेले. "दिसायला वाईट दिसतंय हो," ते म्हणाले. बॉक्सचं झाकण लावल्यावर दिसत नाही.

डिशची वायर जिथून घरात शिरते तिथे कोॲक्सियलचा अर्थिंग ब्लॉक बसवला आणि त्याची जाड तांब्याची वायर घराच्याच अर्थला नेली. वेगळा खिळा ठोकून वेगळं अर्थिंग करायचं नाही, नाहीतर पुन्हा दोन वेगवेगळ्या ‘अर्थ’ आणि मध्ये बिचारा ॲम्प.

शेवटी घेतलेला बोर्ड सहा सॉकेटचा आहे, दहा अँपिअरचा. २३०० वॉटपर्यंत चालतो. टीव्ही, ॲम्प, सबवूफर, कन्सोल सगळं मिळून त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. तिन्ही जोड्यांत संरक्षण, थर्मल फ्यूज, यूपी १.५ केव्हीच्या खाली, चौकोनात टी३ ची खूण, सॅटेलाइटसाठीचं कोॲक्सियल आरपार. दिवे दोन: एक ‘संरक्षण चालू’चा, दुसरा ‘अर्थ ठीक’चा. जूल किती ते खोक्यावर आहे, दिसायला फार भव्य नाही. यूएसबीचे पोर्ट आहेत, ते वापरायचे नाहीत असं घरात सांगून ठेवलंय, कारण मोबाइल लावायला येणारा माणूस हटकून एखादा प्लग हलवतो. या बोर्डाला आणखी एक एक्स्टेंशन जोडायचं नाही, हेही.

बोर्डाच्या पाठीवर मार्करने बसवल्याची तारीख लिहिली आहे. एमओव्ही किती झिजली हे सांगणारं काटा-मीटर त्यात नसतं, त्यामुळे एखादा मोठा तडाखा बसल्याची शंका आली किंवा पाचेक वर्षं उलटली की दिवा लागत असला तरी बदलायचा, असं ठरवलं आहे. मुख्य बॉक्समधल्या टाइप २ चं काम सोपं आहे, त्याच्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की आतलं काडतूस तेवढं काढून नवं सरकवायचं. आणि वीज अगदी डोक्यावर कडाडत असेल तर अजूनही प्लग काढते. डोक्यावर पडणाऱ्या विजेत तीस हजार अँपिअर सहज असतात, तिच्यापुढे टाइप ३ ची काय कथा. फरक एवढाच, की हल्ली प्लगसोबत डिशची वायरही काढते. आधी प्लग, मग वायर.